वर्लिनची खूण

वर्लिन गॉसने लास वेगासच्या 'सिल्व्हर क्वेल' कॅसिनोत अख्खी नोकरी छताच्या वर काढली. कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायचं आणि खाली टेबलांवर कोण लबाडी करतंय ते हेरायचं, हे त्याचं काम. कॅसिनो सुरुंग लावून पाडला त्यालाही वर्षं लोटली, पण वर्लिन त्या खुर्चीतून काही उतरला नाही. नाश्त्याला बसला तरी शेजारच्या ताटात तळलेले बटाटे जास्त पडलेत का, हे तो आधी बघायचा. समोरच्यांनी कुत्रं आणलं तर ते आपल्याच दाराकडे तोंड करून का बसतं, याचा त्याला घोर.

त्याची बायको नोरीन त्याच कॅसिनोत खाली पेयं वाटायची. क्वेल उघडला त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तिला बक्षिशी म्हणून शंभर डॉलरची जांभळी चिप, म्हणजे जुगारात पैशांऐवजी लावायची चकती, दिली. नोरीनने ती कधी वटवली नाही, हातमोज्यात गुंडाळून ड्रॉवरात ठेवली. पुढे कॅसिनो बंद पडला, उरलेल्या चिप्स मोडून टाकल्या, आणि घरोघरी राहिलेल्या चार-दोन चिप्सना हौशी लोकांत सोन्याचा भाव आला.

नोरीनला आता वाळवंटाचा उन्हाळा सोसत नव्हता, दम लागायचा. डोंगरातल्या ईली गावात तिची बहीण राहते. चिप चांगली विकली गेली तर तिथे छोट्या घराची सुरुवातीची रक्कम भरता आली असती. गिऱ्हाईकही तयार होतं. त्याची अट एकच, चिप कोरी असल्याचा तज्ज्ञांचा दाखला हवा. हे तज्ज्ञ चिप भिंगाखाली धरतात, खरीखोटी तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करतात. चिप्स जमवणाऱ्यांच्या क्लबातला ड्यूई पेट्री सगळ्यांच्या चिप्स तिकडे पाठवायचा.

"हे बघ, तिला पुसू नकोस, तेल लावू नकोस," ड्यूईने बजावलं. "आहे तशी माझ्या हातात दे."

आहे तशी का? वर्लिनच्या डोक्यात किडा वळवळला. बदलायला सोपी जावी म्हणून?

दुपारी नोरीन झोपलेली असताना त्याने टाचणी घेतली आणि चिपच्या काठावर, पांढऱ्या पट्ट्याला लागून, केसाएवढा ओरखडा काढला. वर असताना चोरीचा वास आला की तो अशीच खूण करून चिप टेबलावर सोडायचा. लोक चिपचं तोंड बघतात, काठ बघतो कोण?

मग चिप ड्यूईच्या हाती दिली. दाखला आला तो असा: पांढऱ्या पट्ट्याजवळ काठावर दोन ओरखडे. गुण घसरले आणि गिऱ्हाईक गेलं. नोरीन एका जागी बसून राहिली. वर्लिनला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. दोन! त्याने तर एकच काढला होता.

शनिवारी क्लबाची मंडळी कॉफीला जमली, नोरीनही सोबत होती, तेव्हा त्याने डबी टेबलावर आपटली.

"ड्यूई, माझी चिप कुठाय?"

"अरे, ही काय तुझ्यासमोर."

"ही माझी नाही. माझ्या चिपवर एकच ओरखडा होता. मीच काढलेला."

ड्यूईने कप खाली ठेवला. "तू ओरखडा काढलास? चिपला?"

"तुला पकडायला."

"घे मग, पकडलंस."

नोरीनने ड्यूईचं भिंग घेतलं आणि डबी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"दुसराही तुझाच आहे, वर्लिन," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षीचा. ती बक्षिशी देणारा माणूस मला चोरून भेटतो आणि नव्या चिप्स देतो, असं तू धरून बसला होतास. ड्रॉवरातली चिप तीच आहे का, हे कळायला तू खूण केलीस. रोज उघडून बघायचास. मला दिसायचं ते."

वर्लिनने भिंग डोळ्याला लावलं. शेजारी शेजारी दोन रेघा, दोन्ही डावीकडे कललेल्या, त्याच्या हाताच्या. आता त्याला सगळं आठवलं आणि तोंड लपवायला जागा उरली नाही.

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"तीच चिप आहे, हे कळलं होतं ना तुला? मला वाटलं, आता याचं समाधान झालं असेल." तिने पर्स उचलली. "बहिणीकडे एक खोली रिकामी आहे. मी ईलीला चालले. ड्यूई, मला घरापर्यंत सोडतोस?"

डबी टेबलावरच राहिली. दोघं गाडीत बसली. वर्लिन उठून खिडकीशी गेला आणि गाडी खरंच घराच्या दिशेला वळते का, ते मान वाकडी करून बघत राहिला.