मुंग्याच असतील

सुतारमिस्त्रीला गल्लीत सगळे भिंगरी म्हणत. गडी चहाही बसून पीत नसे. कप हातात घेऊन खोलीभर फिरायचा आणि जाता जाता एखाद्या बिजागरीचा स्क्रू पिळायचा. लोकांच्या घरची वाळवी ओळखण्यात त्याचा हातखंडा. "मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. उडती मुंगी असली तर पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीला कंबरच नाही. मिशा सरळ, चारी पंख सारखे," असं तो गिऱ्हाइकानं विचारलं नसतानाही ऐकवायचा.

घरात मात्र बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या खोलीत खिडकीपाशी पंख पडलेत," तेव्हा पठ्ठ्यानं मान वर केली नाही. "मुंग्याच असतील. फवारा मार." तिनं मारला. दिसल्या तेवढ्या मेल्या आणि विषय संपला.

आता पोरगी उद्या येणार होती, नवऱ्याचं घर सोडून, कायमची. "बाबा, खरंच येऊ ना?" असं तिनं फोनवर पुन्हा पुन्हा विचारलं होतं. म्हणून मिस्त्री सकाळपासून तिची खोली लावत होता. कपाट सरकवलं आणि सवयीनं पटाशीची मूठ खिडकीच्या चौकटीवर ठोकली. आवाज पोकळ आला. पटाशी टेकवली तर भिजल्या बिस्किटात जावी तशी आत गेली. कपाटामागच्या भिंतीवर मातीची बारीक नळी चढली होती. ती फोडली तर पांढुरके किडे सैरावैरा पळाले. खिडकीच्या फटीतले पंख त्यानं तळहातावर घेतले. सगळे एका मापाचे.

नळी निघाली होती घरामागच्या ढिगातून. लोकांच्या घरून काढलेल्या चौकटी नि फळ्या 'कामाला येतील' म्हणून त्यानं ओल्या मातीवर रचल्या होत्या.

"कानीकपाळी ओरडले मी, टाका तो कचरा म्हणून!" बायको म्हणाली.

"आता डोकं खाऊ नकोस."

औषधवाला येऊन बघून गेला. भिंतीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडावं लागेल, खोली रिकामी करा, काही दिवस तिथं कुणी झोपू नका, म्हणाला. मिस्त्री ढिगाकडे गेला, दोन फळ्या उचलल्या, त्या तिथंच टाकून परत आत आला. पोरगी संसार मोडून येतेय आणि आपण तिची खोलीच वाळवीला खाऊ घातली! त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या तिरीमिरीतच त्यानं फोन लावला.

"उद्या येऊ नकोस. इथं जागा नाही."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "बरं, बाबा."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, काय बोललात हे तिला!"

तेव्हा कुठं मिस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. फोन अजून कानाशीच होता. "अगं, वाळवी लागलीय! तुझ्या खोलीत. माझ्याच ढिगातून आली. औषध मारायचंय, म्हणून म्हटलं..."

"वाळवी होय?" तिला रडू आवरेना. "मला वाटलं, तुम्हालाही मी नको झाले."

"वेडी आहेस का? बाहेरच्या खोलीत झोपू सगळे. उद्या कशाला, आजच निघ. नाही, थांब, मीच येतो न्यायला," तो म्हणाला, आणि ती हो म्हणायच्या आत पायात चपला सरकवू लागला.