आबारावांचा उरल्या गोळ्यांचा डबा

आमच्या दूध सोसायटीत आबाराव माप घालायचे. भूम तालुक्यातलं गाव, शहाऐंशीचा दुष्काळ. दूध कमी नि सभासद जास्त.

दुष्काळानं आबारावांना एकच धर्म शिकवला होता: उरलेलं टाकायचं नाही. मापाशेजारी त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, की उरलेल्या डब्यात. ज्याला लागतील त्यानं न्यायच्या. लाल-काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या एकत्र नांदत. आमच्या सहकारात निवडणुकीवाचून चाललेली ही एकच संस्था.

टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, म्हणून लेकरंसुद्धा घोटभर पिऊन गप्प बसत. आबारावांच्या चार वर्षांच्या नातीला, अयोध्याला, लघवीला आग व्हायला लागली, ताप आला. आबारावांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत पोरगी हुंदडायला लागली, तशा उरलेल्या परत डब्यात.

"आग थांबली न्हवं? मग गोळी कशाला नासवायची?" ते सुनेला, बानूबाईला म्हणाले.

महिन्यानं आग परतली. मग लाल-काळ्या. नंतर पंधरा दिवसांनी, पुढं आठच. हा ताप आपल्या चेअरमनपेक्षा नेमानं येतो, असं आबाराव चेष्टेनं म्हणत. बानूबाई हसत नसे.

पाचव्या खेपेला पोरीला हुडहुडी भरली, पाठ दुखायला लागली, आणि डब्यातलं काहीच लागू पडेना. बार्शीला नेऊन लघवी तपासली. तीन दिवसांनी कागद आला. डॉक्टर एकेका औषधावर बोट ठेवत गेले: हे चालत नाही, हेही नाही. दोन दिवसांच्या गोळ्यांनी नाजूक जंतू तेवढे मरतात, म्हणाले. चिवट उरतात आणि त्यांचंच खटलं वाढतं. कागदाच्या तळाशी लागू पडणारं एकच इंजेक्शन उरलं होतं. दहा दिवस, एकही न चुकवता.

चौथ्या दिवशी ताप उतरला. आबारावांनी विचारलं, "आन् साहेब, पुन्यांदा आलं तर?"

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "मूत्रपिंडावर बेतेल. आणि माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही. येऊ देऊ नका."

दहाही इंजेक्शनं पुरी करून घरी आल्यावर आबाराव स्वतःच्या वाटणीचं पाणीही पोरीला पाजू लागले. महिना बरा गेला. मग एका सकाळी अयोध्या घरामागं लघवीला बसली, ती उठेनाच. आबारावांनी दोनदा विचारलं, दुखतंय का? पोरीनं मान हलवली, न्हाय.

बानूबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"मामा, तिला इचारू नगा, सुईच्या भ्यानं ती न्हायच म्हणंल," ती म्हणाली. "तिचे पाय बघा."

पोरीच्या पायाची बोटं मातीत रुतली होती.