कोरडी पाटी

तुमचं बरोबर उत्तर तुमच्या डोळ्यांदेखत धुऊन टाकून, वर तुम्हांलाच कोणी 'चुकलास' म्हटलं आहे का?

मला म्हटलं. रोज. चार वर्षं.

देऊळघाटजवळच्या आमच्या गावात सरकारी शाळा होती. महारामांगांच्या मुलांना मज्जाव करू नये, असा हुकूम होता. म्हणून आम्हांला ओसरीवर बसवत, काढून ठेवलेल्या जोड्यांच्या शेजारी. गणित झालं की पाटी उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि चार पावलं मागं सरायचं. मग मास्तर तांब्यातलं पाणी पाटीवर शिंपडायचे, विटाळ जावा म्हणून. पांढरे आकडे पाण्यात विरघळायचे. त्यानंतर मास्तर पाटी उचलायचे.

"काय लिहिलंस? काहीच नाही इथं. चुकलास. तुमच्या डोक्यात शिरतच नाही ते."

आतली पोरं हसायची. मास्तरही हसायचे.

एकदा घरी आलो ते रडतच. मायनं विचारलं, "काऊन रडतं बे?"

"सतरा चोक चुकलं."

"तू काय लेहलं होतं?"

"अडुसष्ट."

माय कधी शाळेत गेली नव्हती. तिनं मडक्यातले तुरीचे दाणे काढले. भुईवर चार ओळी मांडल्या, सतरा-सतराच्या. बोटानं एकेक दाणा सरकवत मोजले.

"बराबर हाय की. तुहा मास्तर चुकला."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तिला अक्षर येत नव्हतं, मास्तरांना येत होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तांब्या उचलण्याआधीच मी थुंकी लावून पाटी पुसून टाकली. मास्तर बघत राहिले. म्हणाले, "शहाणा झाला हा."

शाळेत माझं झालेलं कौतुक एवढंच.

पुढं मी मलकापूरला आलो. शिकलो, आमच्या लोकांच्या वस्तीतल्या शाळेत मास्तर झालो. अस्पृश्यांच्या सभांची पत्रकं वाचत वाढलो होतो, आता स्वतः पत्रकं लिहू लागलो. पण लिहायला बसलं की कानात पाणी शिंपडल्याचा आवाज यायचा. चुकलास. तुझ्या डोक्यात शिरतच नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत मी कागद फाडायचो. सभेत बोलायला उठायचो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जायचो. लोक म्हणायचे, फार नम्र माणूस आहे. ती नम्रता नव्हती. मास्तर केव्हाच मेले होते, पण त्यांचा तांब्या माझ्या हातात होता.

हे मला कळलं ते सखूमुळं. नऊ वर्षांची, माझ्याच वर्गातली. मी पाटी पाहायला तिच्याजवळ पोचलो, त्याआधीच तिनं थुंकीनं पुसून टाकली.

"काऊन पुसलं?"

"चुकलंच असन, गुर्जी."

"तपासलं का तू?"

"नाई. पन असनच."

या शाळेत कोणी पाणी शिंपडत नव्हतं. "हे कोणी शिकवलं तुले?"

तिनं फळ्याकडं पाहिलं. "तुमी नाई का पुसत, आमी उतरून घ्याच्या आंधी?"

मी पुसत होतो. रोज. आकडा लिहायचा, घाबरायचं, पुसायचं. चाळीस पोरं ते बघत होती. मी बिनपाण्यानं त्यांच्या पाट्या धूत होतो.

त्या दिवशी मी एक नियम केला. मोजल्याशिवाय पुसायचं नाही. सदऱ्याच्या खिशात मूठभर तुरीचे दाणे ठेवले. आतून आवाज आला, 'चुकलास', की दाणे काढायचे आणि मोजायचे. चूक निघाली तर खाली पुन्हा मांडायचं. नाही निघाली तर लिहिलेलं तसंच राहू द्यायचं, मग आवाज कितीही येवो. पोरांनाही तेच सांगितलं.

महिन्याभरानं शाळाखात्याचे डिपुटीसाहेब तपासणीला आले. दारातच उभे राहिले. पाट्यांची चळत पाहिली आणि शिपायाला म्हणाले, "पाणी आण रे."

कानात पुन्हा तोच पाणी शिंपडल्याचा आवाज. माझा हात आपोआप पाट्यांकडं गेला, पुसायला. तो मी खिशात घातला.

"पाणी पडणार नाही, साहेब. पाट्या कोरड्याच वाचाव्या लागतील."

"काय बोलतोस, कळतं का तुला?"

चुकलास, आतून आलं. मी खिशातले दाणे मोजत होतो. सहा. सात. आठ.

"कळतं. कोरड्याच."

साहेब पाट्यांना हात न लावता गेले. शेरेबुकात लिहून गेले, मास्तर उद्धट आहे, बदली व्हावी. सखूनं आपली पाटी चळतीत न ठेवता वर धरून ठेवली होती. तिचं उत्तर एकानं कमी आलं होतं. तिनं ते पुसलं नाही. खाली पुन्हा मांडलं.

बदलीचा हुकूम येईल तेव्हा येईल. तो आवाज अजून येतो, हे लिहितानाही आला. या कागदावर खाडाखोड आहे, पण कागद फाडलेला नाही. यापुढं फाडणार नाही.

तुमच्याकडं एक मागणं आहे. उद्या आपल्या गावच्या शाळेत जा. ओसरीवर बसवलेल्या पोराची पाटी कोरडी असतानाच हातात घ्या आणि शेवटच्या आकड्यापर्यंत वाचा. कोणी तांब्या उचलला, तर त्याचा हात धरा. आणि तो हात तुमचाच निघाला, तर आधी तो धरा.