गंज रिकामा कसा द्यायचा

चामोर्शीत माझी पिठाची चक्की आहे. दिवसभर लोकांचे डबे येतात आणि संध्याकाळपर्यंत भरून परत जातात. झाकणावर नाव नसेल तर मी खडूने घालते. कुणाचा डबा दुसऱ्याकडे गेला, असं माझ्या हातून कधी झालं नाही. कुणी दळण न्यायला उशीर केला तर मी फोन करकरून त्याचा जीव खाते.

आणि माझ्याच स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, दुसऱ्याचा एक पितळी गंज दोन वर्षं पडून होता.

गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. हा चांगला जाड बुडाचा, पंधरा-वीस माणसांचा भात शिजेल एवढा. तो ज्यांचा, त्यांना मी बाई म्हणते. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. पूर्वी चक्कीच्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहायच्या. चक्कीच्या आवाजात माझा मुलगा झोपत नसे, तर त्याला उचलून स्वतःच्या घरी न्यायच्या. त्याचं अर्धं लहानपण त्यांच्या मांडीवर गेलं. पुढे त्यांचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं सावलीजवळच्या आपल्या गावी राहायला गेले.

माझे सासरे वारले त्या दिवशी बाई दुपारच्या आत पोचल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास बाहेरूनच यावा लागतो. गावातल्या कुणाची तरी गाडी करून त्यांनी गंजभर खिचडी आणली होती. आलेल्या सगळ्यांना वाढलं, मला समोर बसवून दोन घास खायला लावले आणि त्याच गाडीने परत गेल्या. गंज राहिला.

सुतकात आमच्या घरचं कुणी खात नाही, म्हणून गंज तेरवीपर्यंत ठेवला. हे कारण खरं होतं. तेरवीचं अन्न भांड्यात भरून कुणाच्या घरी धाडत नाहीत, हेही खरं. आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तर आईने लहानपणीच शिकवलेलं. म्हटलं, सणाला लाखोरीच्या डाळीचे वडे घालून देऊ. पहिलं कारण खरं असलं की तेच पुढच्या सगळ्या खोट्या कारणांना जामीन राहतं.

पोळ्याला घरात दुःख ताजं होतं, तळण केलं नाही. दिवाळीत चक्कीचा पट्टा तुटला. मग वाटलं, एवढ्या उशिरा नुसते वडे कसे न्यायचे, लाडू हवेत. आणखी काही महिन्यांनी लाडूही कमी वाटायला लागले, सोबत एक लुगडं ठेवावं म्हटलं. जितका उशीर, तितकं जास्त भरायचं. जितकं जास्त भरायचं, तितका पुन्हा उशीर. माझ्या मनातला गंज शेवटी इतका भरला होता की तो कुणाला उचलला नसता.

बाईंचा फोन यायचा. मी आधी चक्की सुरू करायची आणि मग उचलायची. "ऐकू येत नाही बाई, मागून करते," म्हटलं की सुटका.

मागच्या उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालं. बाईंच्या दारी अक्षत घेऊन मी स्वतः जायला हवं होतं. पण गंज न घेता जायला तोंड नव्हतं, आणि गंज न्यायचा तर तो रिकामा. मी पत्रिका मोबाईलवर पाठवली. उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. बाई आल्या नाहीत. मांडवात माझं लक्ष सारखं रस्त्याकडे जात होतं. त्या येत नाहीत हे नक्की झालं तेव्हा वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दुसरं जास्त वाटलं.

दिवाळीनंतर सुनेने फळ्या आवरायला काढल्या. गंज खाली घेतला, चिंचेने घासून लख्ख केला आणि माझ्यासमोर धरला.

"आई, हा आंदणाचा आहे ना? काठाखाली नाव आहे पाहा."

मी ते कधी पाहिलंच नव्हतं. टोचून घातलेली बारीक अक्षरं होती. 'लेकीस आईकडून', आणि पुढे बाईंच्या आईचं नाव.

"तुमच्या आईचं नाव काय हे?"

"हो," मी म्हटलं.

"माह्या आंदणात असा जाड नाई आला. वर काऊन ठेवला मंग? रोज वापरू ना."

त्या संध्याकाळी तिने त्यातच भात शिजवला. मी जेवले. भांडं द्यायचं राहणं वेगळं आणि ढापणं वेगळं, अशी मी दोन वर्षं स्वतःची समजूत घालत होते. एका 'हो'ने ती संपली.

दुसरा दिवस बाजाराचा. चक्कीवर सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी असते. सकाळी मी कुलूप लावलं.

"आज बाजार आहे. डोकं फिरलं काय तुझं?" नवरा म्हणाला.

"फिरलं. संध्याकाळी येते."

घरात डाळ होती, तेल होतं. वडे करता आले असते. पण करायला घेतले असते तर दुपार झाली असती, आणि दुपारी मी म्हटलं असतं, आता उद्याच जाऊ. मी गंज तसाच पिशवीत घातला.

गडचिरोलीला बस बदलली. कंडक्टरने पिशवीकडे पाहिलं. "मावशी, मासोळी असन तं मांग ठेवा."

"काही नाही त्यात. रिकामा गंज आहे."

"रिकामा गंज घेऊन कोणी पाहुणं जाते काय?"

शेजारच्या सीटवरची एकजण हसली. "भरून आणाले चालली असन!"

मी पिशवी मांडीवर घेतली आणि बाईंच्या गावी उतरले.

बाई अंगणात बाजेवर लुगडं पसरून कोहळ्याच्या वड्या घालत होत्या. मला पाहिलं, पिशवी पाहिली. उठल्या नाहीत.

"सापडला वाटते गंज."

"हरवला नव्हता बाई. घरीच होता. रिकामाच आणला."

"मंग का भरून आणाचा होता? मयताच्या घरून भांडं रिकामंच येते. भरून आणलं असतं तं मी दाराच्या आत घेतलं नसतं."

म्हणजे दोन वर्षं मी ज्यासाठी थांबले, ते त्यांच्याकडे चालतच नव्हतं. पण हे आधी कळलं असतं तर मी लवकर गेले असते, असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी दुसरं कारण शोधलं असतं.

"गंजाचं सोड," बाई म्हणाल्या. हात चालूच होते. "मोबाईलवर पत्रिका टाकली तू. मले."

"चुकलं बाई."

"चक्की मातर जोरात चालते तुही. फोनवर ऐकू येते ना मले."

मी हात धुतले आणि बाजेच्या दुसऱ्या बाजूला बसून वड्या घालायला लागले. त्यांनी नको म्हटलं नाही. माझ्या दोन वड्या मोडून नीट केल्या फक्त.

निघताना त्यांनी मागच्या वर्षीच्या वाळलेल्या वड्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या.

"तुले आता भांड्यात काही देत नाई मी."

मी हसले. त्या हसल्या की नाही कळलं नाही, तोवर त्या गंज उचलून आत निघाल्या होत्या. दारातून म्हणाल्या, "सुनेचं तोंड नाई पायलं अजून. आण कधी."

'येऊ ना सवडीने' हे माझ्या तोंडात तयारच होतं. ते गिळलं. "सोमवारी आणते. चक्की बंद असते. सकाळच्या बसने."

"पाहू," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सुनेला सांगितलं, की गंज माझा नव्हता, आणि मी खोटं बोलले. ती म्हणाली, "मंग कालचा भात?"

"दुसऱ्याच्या आंदणातला," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी ती पदर सावरत स्वयंपाकघरात शिरली. "पहिल्यांदा चाललो. बाईंसाठी काय करून घेऊ? थोडे वडे करू काय?"

"काही करू नको. चप्पल घाल आधी," मी म्हटलं. "बस गेली तर मला पुन्हा कारण मिळेल."