दोघांचं एक खातं

मंगळवारी अकरा वाजता बँकेतल्या मॅडमनी सांगितलं की निराधार योजनेचे माझे पैसे आले आहेत आणि माझ्या बायकोचे आलेले नाहीत.

बायको माझ्या तीनचाकी सायकलच्या मागची दांडी धरून उभी होती. ती जन्मापासून आंधळी. माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओत गेले. मी हँडल फिरवायचो आणि ती चढावर ढकलायची. लग्न झालं तेव्हा गावातल्या एकाने पारावर बसून आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट रंगवून सांगितली होती. तेव्हा मला राग आला होता. पुढे त्याच गोष्टीचा मला अभिमान वाटायला लागला, आणि त्या अभिमानातूनच आम्ही बँकेत दोघांचं मिळून एक खातं उघडलं. दोघांचे पैसे त्यातच यायचे. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम आले, तरी दोघांचे बरोबर यायचे.

आता पद्धत बदलली होती. पैसे आधार क्रमांकावरून थेट खात्यात जाणार होते, आणि आमच्यासारख्यांची रक्कमही वाढली होती. वाढली हे खरं. पण एकट्या माझी वाढलेली रक्कम आमच्या दोघांच्या जुन्या रकमेपेक्षा कमी भरत होती.

"काका, एका खात्यावर एकच आधार चालते," मॅडम म्हणाल्या. "तुमचं लागलं. काकूंचं वापस आलं."

"पण खातं दोघांचं आहे."

"तेच तर झालं नं. तुमी जरा जास्तच एक झाले."

बायको हसली. मला हसू आलं नाही.

घरी येताना शेजारीण भेटली. आमच्या घरांची एक भिंत सामाईक आहे. शेजारणीची उंची आमच्या खिडकीच्या कठड्याएवढी. बाजाराच्या दिवशी देवळीला, तालुक्याच्या गावी, खोक्यावर उभी राहून ती वांगी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर विकते, आणि तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जातो. तिच्या नवऱ्याचा उजवा हात थ्रेशरमध्ये कोपरापासून गेला. तेही दोघं आमच्याच यादीतले.

"काऊन भाऊजी, तुमचे आले का? आमचे दोघाईचेबी आले. वाढून आले."

मागून तिचा नवरा म्हणाला, "गुर्जी, माह्या पैशाचा नुसता तंबाखू-खर्रा होते म्हणते ही. म्हणून हिनं पह्यलेच आपलं खातं येगळं केलं होतं."

"भांडलो म्हणून वाचलो," ती म्हणाली.

मी गुरुजी नाही. गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करतो, त्याचं मानधन मिळतं, म्हणून तो मला गुर्जी म्हणतो. त्या दिवशी मला तो शब्द टोचला. ही माणसं आठवड्यातून तीनदा भांडतात. ताटल्या आपटतात, एकमेकांच्या माहेर-सासरचा उद्धार करतात, आणि भिंतीतून सगळं आमच्याकडे येतं. आम्ही कधी आवाज चढवला नाही. संध्याकाळी मी वाचायचो आणि ती फुलवाती वळत ऐकायची. वातींचे पैसेसुद्धा त्याच खात्यात जायचे. आमच्यासारख्यांचे अर्धे पैसे अडावेत आणि त्यांचे दोघांचे वाढून यावेत, हे मला पचेना. त्या आठवड्यात त्यांनी नवा टेबलफॅन आणला. त्याची घरघर ऐकत मी पुस्तकाचं तेच पान दोनदा वाचलं. बायको म्हणाली, "हे झालं आहे वाचून."

खरं तर उपाय सोपा होता. तिच्या एकटीच्या नावाने खातं उघडायचं, तिचा आधार त्याला जोडायचा आणि तहसीलीत कागद द्यायचा. शेजारणीने दुसऱ्याच दिवशी दारात येऊन सांगितलं.

"बाई, तू येजो माह्यासंगं. गुरुवारी ऑटो सांगतला आहे देवळीले. तिथल्या तहसीलीतला बाबू माह्या वळखीचा आहे. वांगे नेते माह्याकडून."

बायको उठून उभी राहिली होती. मी आतून म्हणालो, "आमचं आम्ही पाहू."

"तुमी तीनचाकीवर केव्हा जासान, भाऊजी? दिवाळीले?"

"पाहू म्हटलं न."

ती गेली. बायकोने वातींचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. मी कारण दिलं की उपकार नकोत. तिला माझं खरं कारण कळलं होतं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं. तिला माणसाचा आवाज दिसायचा.

मी अर्ज लिहिला. चार पानी. एकत्र खातं ही आमच्या सहजीवनाची बाब असून शासनाने तिचा आदर करावा, अशी त्यात वाक्यं होती. तो मी पोस्टाने पाठवला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या महिन्यात तिचे पैसे आले नाहीत, तिसऱ्यातही नाहीत. तिने साखर कमी आणायला सांगितली. मला गोड आवडतं, तिला नाही.

चौथ्या महिन्यात एका गुरुवारी मी वाचनालयातून आलो तर घर बंद. किल्ली नेहमीच्या जागी, कोनाड्यात. शेजारीही कुलूप. मी अंगणात तीनचाकीवरच बसून राहिलो. चार वाजता ऑटो आला. दोघी उतरल्या. शेजारीण आधी उडी मारून उतरली आणि हात वर करून उभी राहिली. बायकोने तिच्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरला. दोघी हसत होत्या.

"भाऊजी, रागावू नका," शेजारीण म्हणाली. "खातं उघडाले हिचा आंगठाच येत नोयता मशीनवर. वाता वळू वळू रेषाच गेल्या. मशीनवरचा पोरगा म्हणे, मावशी घरी जा. म्या म्हटलं, थांब. हिचं बोट हिच्याच केसाईवर घासलं, तेल लागलं, अन् मंग आली रेषा. अन् टेबल एवढा उच्चा, मले दिसेना, हिले दिसेना. मी खालून सांगो, हे बाई वरून हात देये."

बायको म्हणाली, "अन् आलूबोंडा खाल्ला. तुमच्यासाठी आणला आहे."

पुडा गार होता. मी तो खाल्ला नाही. तिला असं हसताना मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं, आणि ते हसू माझ्याशिवाय झालं होतं. दांडीला धरून चालणारी ती आता दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर हात ठेवून उतरली होती. पारावरची गोष्ट मला आठवली. त्या गोष्टीतली माझी जागा साडेतीन फुटांच्या बाईने घेतली होती.

पैसे सुरू झाले. तिचे वेगळे, वाढीव. आता आमचं घर पूर्वीपेक्षा बरं चालणार होतं. साखर पुन्हा पुरेशी यायला लागली. मी खूश व्हायला हवं होतं.

तिचं पासबुक मात्र तिने माझ्याकडे दिलं नाही. पूर्वी बँकेतून आलो की मी तिला पासबुक वाचून दाखवायचो, तारीख, रक्कम, शिल्लक, पुस्तक वाचतो तसंच सावकाश. आता ती पासबुक घेऊन भिंतीपलीकडे जायची. शेजारीण चौथी शिकलेली. अडखळत वाचायची, आकडा चुकायची, मग दोघी पहिल्यापासून सुरू करायच्या. मला सगळं ऐकू यायचं.

एकदा मी विचारलं, "मला का नाही देत वाचायला?"

ती वात वळत होती. वळून झाल्यावर बोलली. "तुमी आकडा सांगता. ते बाजूवाली सांगते का यातून काय घेता येईन. काल म्हणे एक शेळी येईन."

"शेळी? आपण शेळी घेणार?"

"घेणार नाही. पण म्हटलं तर येईन."

मी पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि थांबलो. ती म्हणाली, "तुमच्या पोटात दुखते. पह्यले पैशाईसाठी दुखे, आता माह्यासाठी दुखते. मले बरं वाटते तसं. पण वाचा आता, थांबले काऊन?"

मी वाचलं. आवाज नीट लागला नाही. तिने एकदाही थांबवलं नाही.

त्यानंतर मी तिला पासबुक मागितलं नाही. शेजारणीशी बोलणंही मोजकंच ठेवलं. ती ‘भाऊजी’ म्हणाली की मी मान हलवायचो. तिने ताटातून पाठवलेली वांग्याची भाजी मी बाजूला सारायचो, आणि बायको ती माझ्यासमोर मुद्दाम चवीने खायची.

पोळा झाल्यावर तिला ताप आला. सहाव्या दिवशी ती दवाखान्यात गेली. गेली म्हणजे वारली. मला ते लिहायला अजून दोन शब्द लागतात. ऑटोत तिच्याजवळ शेजारीण बसली होती, कारण ऑटोत चढायला मला वेळ लागतो आणि तेव्हा वेळ नव्हता. शेवटचं काय बोलली ते तिने ऐकलं, मी नाही. तेरवीनंतर मी विचारलं.

शेजारीण उंबऱ्यावर बसली होती. "पाणी मांगतलं. मंग म्हणे, आमच्या याईले सांग, साखर वरच्या डब्यात आहे."

मला ते खरं वाटलं, कारण साखर वरच्याच डब्यात होती. आणि तेवढ्यातही मला शेजारणीचा हेवा वाटला.

तिने पदराखालून पासबुक काढून माझ्या हातात दिलं. पाच नोंदी होत्या. वारस म्हणून माझं नाव. मी ते एकदा मनात वाचलं. मग शेजारीण म्हणाली, "मोठ्यानं वाचा न भाऊजी. माह्यानं आकडे चुकत होते. बाई नेहमी म्हणे, आमचे हे वाचतात तं आकडाबी गोड लागते."

हे मला ती जिवंत असताना कळायला हवं होतं. मी वाचलं. तारीख, रक्कम, शिल्लक. शेजारीण हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत राहिली, तिचा नवराही दारात येऊन उभा राहिला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "शेळी आली असती."

"चूप बसा," ती म्हणाली, आणि त्यांचं शेळीवरून भांडण सुरू झालं.

बायकोचं नाव यादीतून कमी करण्याचा अर्ज मीच लिहिला. या वेळी एका पानाचा. तो द्यायला निघालो तेव्हा ऑटोत शेजारणीचा नवरा मला एका हाताने उचलून बसवत होता आणि मी त्याला नको म्हणालो नाही. जुन्या खात्यावरचं तिचं नाव बँकेने कमी केलं. मॅडमनी नवं पासबुक छापून दिलं. त्यावर एकच नाव आहे.

पैसे येतात. भिंतीपलीकडे दोघं आहेत, भांडतात, पंखा घरघरतो. इकडे मी आहे, आणि ताटात तिने वळलेल्या वाती आहेत. त्या मी विकल्या नाहीत.