वाटून घेतलेला हॉल

जालना रोडवर एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो हॉल होता. आठ टेबलं, आठ धंदे, भाडं वाटून. मी तिथं खोक्यांची आणि लेबलांची डिझाइनं करायचे. समोरच्या टेबलावर फर्दापूरचे एक भाऊ बसायचे. पर्यटकांना अजिंठ्याला न्यायची-आणायची त्यांची एक गाडी होती. माणूस भलता बोलका. सुरुवातीला मला वैताग यायचा.

पण मी जागेवर नसताना माझं गिऱ्हाईक आलं, की हेच त्याला बसवून घ्यायचे. "ताईंसारखं काम अख्ख्या शहरात नाय," असं बिनदिक्कत ठोकून द्यायचे. माझं एकही काम त्यांनी धड पाहिलेलं नव्हतं. तरी पहिल्या वर्षातली माझी निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या बोलण्यामुळंच टिकली, हे कबूल करायला हवं.

मग एका टूर कंपनीचं वर्षभराचं काम त्यांना मिळायच्या बेतात आलं. ते मिळालं की दुसरी गाडी घ्यायची होती. रंगसुद्धा ठरला होता, आणि तो आम्हा सगळ्यांना दिवसातून दोनदा ऐकावा लागे. कंपनीचे साहेब भेटायला आले, तेव्हा भाऊ फुलंब्रीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मी साहेबांना बसवलं, चहा मागवला. त्यांनी सहज विचारलं, "गाडी कशी आहे यांची?"

"माणूस चांगला आहे. गाडी मात्र मधूनमधून बंद पडते."

खरंच होतं ते. आपल्याला खोटं बोलता येत नाही, याचा मला तेव्हा चांगलाच तोरा होता. काम दुसऱ्याला गेलं.

दोन दिवस आम्हाला नव्या गाडीचा रंग ऐकावा लागला नाही. तिसऱ्या दिवशी माझं एक नवं गिऱ्हाईक आलं आणि त्याच्यापुढं त्यांनी पुन्हा माझं कौतुक सुरू केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो माणूस गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, गाडीचं मीच सांगितलं त्यांना."

"व्हय, ठाऊक आहे. साहेबच फोनवर बोलले."

"मग मला झापलं का नाही?"

"लई राग आला होता, ताई. दुसरीकडं टेबल द्या म्हणून हॉलच्या मालकाकडं गेलतो." ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "एकबी रिकामं नाय म्हणले."