छतातून आलेलं ऊन

"मैडम, आपकी रिपोर्ट आ गई. बाबूलाल को घर बैठा दिया है."

फोन गोयलसाहेबांचा होता. मालनपूरच्या बाजूला त्यांचं फोर्जिंगचं युनिट आहे. लोखंड तापवायचं, मोठ्या हॅमरखाली ठोकायचं आणि आकार द्यायचा, हे त्यांचं काम. बाबूलाल मिस्त्री त्यांच्याकडे तीस वर्षं हॅमरवर होते.

मी म्हटलं, "सर, रिपोर्टमध्ये कुणाचं नाव नव्हतं."

"नाम की ज़रूरत क्या है? आपने लिखा, मटेरियल ठीक, दोष कारीगरी का. कारीगर तो एक ही है."

मी फोन ठेवला आणि आपलाच रिपोर्ट पुन्हा वाचला. मी "दोष कारागिरीचा असण्याची शक्यता" असं लिहिलं होतं. त्यातली शक्यता गोयलसाहेबांनी गाळली होती. पण ती ओळ माझीच होती.

प्रकरण असं होतं. त्यांना निकेल जास्त असलेल्या एका मिश्रधातूच्या फ्लँजची ऑर्डर मिळाली होती. फ्लँज म्हणजे दोन पाइप जोडणारी जाड चकती. ठोकताना चकत्यांच्या कडा फुटत होत्या. त्यांनी रॉडचे तुकडे सिटी सेंटरमधल्या आमच्या लॅबला पाठवले. धातू गरम असताना किती दाब सोसतो, ते तपासणं माझं काम.

नया बाजारात थंडीच्या दिवसांत तीळगुळाची गजक कुटताना पाहिली असेल, तर हे लगेच समजेल. पाक निवला की गजक तडकते, पाक जास्त तापला की बिघडते. मधल्या थोड्या वेळातच हात चालवावा लागतो. धातूचंही तसंच. साध्या लोखंडाला हा मधला पट्टा रुंद असतो. या मिश्रधातूला तो फार अरुंद.

मी अंगठ्याएवढे तुकडे कापले, वेगवेगळ्या तापमानाला तापवले आणि प्रेसमध्ये निम्म्या उंचीपर्यंत दाबले. गोयलसाहेबांच्या प्रोसेस शीटवर ११५० डिग्री लिहिलं होतं. मी तिथपर्यंत गेले आणि थांबले. ११५० ला तुकडा छान दबला, एकही भेग नाही. मग मटेरियल ठीक, असं मी लिहून टाकलं.

माझे वडील पडाव भागातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. गाडी कुठे घासली की आधी त्यांनाच विचारलं जायचं, रस्ता कसा होता ते नंतर. घरात पहिली पदवी माझी. डबरा गावातल्या हिंदी शाळेतून आलेल्या मुलीला लॅबचे प्रमुख दीक्षितसर यांनी लॅबमध्ये घेतलं आणि सहा महिने माझे इंग्रजी रिपोर्ट लाल पेनाने सुधारले. त्याच शिकवणीचा उपयोग मी एका माणसाला घरी बसवायला केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचा पायरोमीटर घेऊन मी मालनपूरला गेले. पायरोमीटर म्हणजे लांबून तापमान सांगणारं पिस्तुलासारखं यंत्र. बाबूलालजींना बोलवा, अशी विनंती मी गोयलसाहेबांना आधीच केली होती. ते आले, पण माझ्याकडे बघेनात.

मी म्हटलं, "बाबूलालजी, जैसे रोज़ करते हैं, वैसे ही एक पीस गरम कीजिए."

"कारीगरी देखनी है, मैडम जी?"

मी पायरोमीटर सुरू केला आणि भट्टीजवळ उभी राहिले.

भट्टीला मीटर होता, पण तो भट्टीच्या आतल्या हवेचं तापमान सांगतो. तुकडा किती तापला, ते बाबूलालजी रंगावरून ठरवत. भट्टीचं दार उघडायचं, बघायचं, बंद करायचं. तिसऱ्यांदा उघडल्यावर ते म्हणाले, "अब हुआ. पका संतरा."

मी पायरोमीटर रोखला. १२४०.

"ज़्यादा है," मी म्हटलं.

"मशीन झूठ बोल रही है, बिटिया. रंग देखो."

मी रंग पाहिला आणि गोंधळले. आमच्या लॅबमध्ये ११५० चा तुकडा डोळ्यांना टोचतो. हा नव्वद डिग्री जास्त असूनही फिका दिसत होता. आमच्या भट्टीच्या खोलीला खिडकी नाही. इथे जमिनीवर माझी सावली पडली होती. मी वर पाहिलं. छताला ओळीने पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे होते आणि त्यांतून ऊन सरळ भट्टीच्या तोंडावर येत होतं.

"ये चादरें कब लगीं?"

"दिवाली के बाद. सेठजी बोले, बिजली बचेगी."

"और नया माल कब आया?"

"उसके बाद."

मी एक ताडपत्री मागितली. दोघा कामगारांनी ती भट्टीसमोर छतासारखी धरली. बाबूलालजींनी सावलीत नवा तुकडा तापवला, तीनदा दार उघडलं आणि म्हणाले, "अब."

पायरोमीटरवर ११४५ आलं.

त्यांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "तीस साल अँधेरे में देखा है, बिटिया. उजाले में आँख धोखा खा गई."

त्यांनी तो तुकडा हॅमरखाली ठोकला. कड शाबूत राहिली.

परत येऊन मी आधीच करायला हवं होतं ते केलं. १२०० आणि १२४० ला तुकडे दाबले. १२४० चा तुकडा बाजूने उभा फाटला. मायक्रोस्कोपखाली दिसलं, की धातूचे कण जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, त्या सीमा वितळू लागल्या होत्या. साध्या लोखंडाने इतकी उष्णता मुकाट्याने सोसली असती. म्हणून दिवाळीपासून नवा माल येईपर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं.

दीक्षितसरांसमोर मी दुसरा रिपोर्ट ठेवला.

"जाधव, म्हणजे पहिला चुकीचा, हे आपणच लिहून द्यायचं?"

"हो सर. मी कागदावरच्या आकड्यापुढे गेलेच नाही."

"क्लायंट म्हणेल, ही लॅब रोज बात बदलते."

"म्हणू दे सर. त्या माणसाची नोकरी माझ्या एका ओळीवर गेलीय."

सरांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "तर मग पहिल्या रिपोर्टचा नंबर वर टाक. रद्द, असं स्पष्ट लिही. लपवायचं असेल तर दुसरा काढूच नकोस." आणि त्यांनी सही केली.

गोयलसाहेब फोनवर वैतागले. "तो क्या छत उतार दूँ?"

"नहीं सर. भट्टी के ऊपर की चादरें काली रँगवा दीजिए. और एक पायरोमीटर ले लीजिए."

"वो चलाएगा कौन?"

"बाबूलालजी."

"ठीक है. सोमवार से बुला लूँगा."

महिन्याभराने मी तिथे गेले, तेव्हा बाबूलालजी हॅमरवर होते. ते आधी रंग पाहून आकडा बोलतात आणि मग पायरोमीटर लावतात. माझ्यासमोर ते बोलले ११४०, यंत्राने दाखवलं ११५२. ते म्हणाले, "मशीन में अब सुधार है."

आमच्या सॅम्पल फॉर्मवर आता एक जास्तीचा प्रश्न आहे: तापमान मीटरने पाहता की नजरेने? जवळजवळ सगळेच मीटरवर खूण करतात. मी तरीही एकदा जाऊन येते.